मर्यादवेलीच्या अलीकडे



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठे अभ्यासक बोलून गेले. मी दवाखान्यात बसणारा होमिओपॅथीचा डॉक्टर. आमच्या शास्त्रात रोग्याचे ऐकून घ्यायला तास-तास लागतो आणि औषध चिमूटभर द्यायचे असते. त्यामुळे ऐकण्याची सवय मोठी आणि बोलण्याची कमी. काही चुकलेमाकले तर पदरात घ्या.

विषय कळवताना मी ‘अस्पर्श किनाऱ्यांच्या शोधात’ असे कळवले होते आणि निमंत्रणपत्रिकेवर तसेच छापले आहे. पण भाषण लिहायला बसलो आणि त्या नावातल्या दोन्ही शब्दांशी माझे भांडण सुरू झाले. किनारा अस्पर्श असतो म्हणजे काय? आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहत आली, त्या जागेचा मी शोध लावला असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? हे भांडण तुमच्यासमोर मांडावे आणि त्यात माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगावी, एवढाच आजचा हेतू आहे.

आधी प्रदेश डोळ्यांसमोर आणू. आपण बेळगावकर घाटमाथ्यावरची माणसे. समुद्र आपल्याला दिसत नाही, पण तो फार लांबही नाही. चोर्ला, अनमोड किंवा अणशी, कोणताही घाट उतरा, काही तासांत खारा वारा लागतो. मी बोलणार आहे तो पट्टा गोव्याच्या दक्षिण टोकाचा काणकोण तालुका आणि त्याला लागून असलेला कारवारचा. उत्तरेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात सह्याद्री समुद्रापासून बराच आत आहे. कारवारकडे मात्र तो थेट किनाऱ्यापर्यंत येतो. डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरतात. दोन सोंडांच्या मध्ये एखादी नदी किंवा ओहोळ समुद्राला मिळतो आणि तिथे खिशासारखा वाळूचा लहानसा तुकडा तयार होतो. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे झाडी अगदी भरतीच्या रेषेपर्यंत उतरलेली असते. एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जायचे तर सोंड ओलांडावी लागते. या चढउतारानेच हे किनारे एकमेकांपासून वेगळे ठेवले आणि गर्दीपासूनही.

उत्तरेकडून खाली येऊ लागलात की काब द रामचा किल्ला, मग आगोंद, पाळोळे, पाटणे, राजबाग, तळपण, गालजीबाग आणि शेवटी पोळे. तिथे गोवा संपतो. पुढे माजाळी. माजाळीहून एक टेकडी पायी ओलांडली की तिळमाती लागते. वाळू काळी, दाणा तिळाएवढा, म्हणून नाव तिळमाती. आमच्या सौ.नी ती वाळू पहिल्यांदा पाहिली तेव्हा संक्रांतीची आठवण काढली होती. मग देवबाग, सदाशिवगड, काळी नदी आणि कारवार.

या भागात मी पहिल्यांदा गेलो तो १९८७ च्या जानेवारीत, बजाज स्कूटरवरून. मागे सौ., पुढे पायांशी डब्यांची पिशवी. आम्ही जैन, सूर्यास्तापूर्वी जेवणारे, त्यामुळे प्रवासात डबा आलाच. अणशी घाटाच्या जंगलातून उतरलो, रात्री कारवारात मुक्काम केला आणि सकाळी काळी नदीवरचा पूल ओलांडून गोव्याकडे निघालो. तो पूल तेव्हा नवा होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोसळला तो हाच. कोकण रेल्वे तेव्हा कागदावरही नीट उतरली नव्हती.

दुपारी एका ठिकाणी रस्ता सोडून आम्ही पायवाटेने उतरलो. ते ठिकाण कोणते, ते मी आज सांगणार नाही. कारण पुढे कळेलच. माडांची रांग, तीन-चार घरे, एक होडी आणि पलीकडे दोन सोंडांच्या मधली वाळू. माणूस नाही. वाळूवर फक्त खेकड्यांची रांगोळी. वाळूच्या बारीक गोळ्या त्यांनी वर्तुळात मांडून ठेवलेल्या. पाय कुठे ठेवावा हा आम्हाला खराच प्रश्न पडला. जीव जपून चालण्याचे संस्कार लहानपणी झालेले, त्यामुळे आम्ही दोघे सर्कशीतल्यासारखे तोल सांभाळत चाललो होतो. ते पाहून एका घराच्या ओसरीवर बसलेली बाई मोठ्याने हसली.

ती आमची मावशी. नाव सांगत नाही. पन्नाशीची असेल. जाळे विणत बसली होती. तिने पाणी दिले. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर विहीर आणि पाणी गोड! मला नवल वाटले. तिने कारण सांगितले नाही. तिच्या लेखी ते नवल नव्हतेच. मी पुढे वाचून समजून घेतले. पावसाचे पाणी वाळूच्या उंचवट्यांत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. विहीर उथळ खणली आणि जपून उपसली तर बारा महिने गोडे पाणी मिळते. उपसा वाढला की वरचा थर पातळ होतो आणि खालचे खारे पाणी वर चढते. म्हणजे समुद्रकाठच्या विहिरीतही एक मात्रा असते. ती ओलांडली की पाणी बदलते.

त्याच दिवशी मावशीने मला एक वेल दाखवली. वाळूवर पसरलेली, आपट्यासारखे दुभंगलेले पान, रताळ्याच्या फुलासारखे जांभळट फूल. मराठीत तिला मर्यादवेल म्हणतात. रोजच्या भरतीचे पाणी जिथवर येते, त्याच्या वरच्या अंगाला ती सुरू होते. पेरापेराला मुळे फुटतात आणि सैल वाळू बांधली जाते. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि ऑक्टोबरनंतर हळूहळू परत आणून टाकतो. या येण्याजाण्यात मागची वाळू टिकते ती अशा वेलींमुळे आणि केवड्यामुळे. मावशीने हे सगळे एका वाक्यात सांगितले. या वेलीच्या पुढे घर बांधायचे नाही, असे तिच्या सासऱ्याने सांगून ठेवले होते.

मित्रहो, किनारा अस्पर्श नव्हता, हे इथेच माझ्या लक्षात यायला हवे होते. त्या वाळूवर रापण ओढली जात होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. अख्खा गाव ओढतो आणि मासळीची वाटणी सगळ्यांत होते. मी मासे खात नाही आणि त्या कामाचे कौतुक करणे माझ्या धर्माला धरून नाही. पण एवढे मान्य करायला हवे की तो किनारा शतकानुशतके वापरात होता, तरी नासलेला नव्हता. वापरणाऱ्यांनी स्वतःवर काही बंधने घातली होती, म्हणून तो तसा होता. आपण त्याला अस्पर्श म्हणतो तेव्हा त्या माणसांना पुसून टाकतो.

त्यानंतर बारा वर्षे आम्ही जवळजवळ दर हिवाळ्यात तिथे जात राहिलो. मावशीच्या गुडघ्यांना मी गोळ्या नेत असे. ती मला ‘दोतोर’ म्हणे. एकदा मी तिला सांगितले की आमच्या औषधांच्या पेटीत अर्धा समुद्र आहे. मिठापासून नेट्रम म्युर, माकल्याच्या शाईपासून सेपिया आणि कालवाच्या शिंपल्याच्या मधल्या थरापासून कॅल्केरिया कार्ब. ती म्हणाली, मग दोतोर, तुम्ही कालवे खात नाही ती औषध म्हणून विकता होय! माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

आता चूक सांगतो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. लोकांना अचानक हा किनारा जवळ आला. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला प्रवासलेख मागितला. माझे नाव छापून येण्याचा मोह होता, हे कबूल करतो. मी मन लावून लिहिले. खेकड्यांची रांगोळी लिहिली, मावशीची विहीर लिहिली. आणि शेवटी, वाचकांची सोय म्हणून, कोणत्या स्थानकावर उतरायचे, कोणत्या माडापाशी वळायचे हे सगळे लिहून हाताने काढलेला नकाशा जोडला. लेखाचे फार कौतुक झाले. पत्रे आली. दोन वर्षांनी तो लेख आणखी एका ठिकाणी पुन्हा छापला गेला.

दवाखान्याचा व्याप आणि मुलांची शिक्षणे यांत मधली सहा-सात वर्षे जाणे झाले नाही. २००६ मध्ये गेलो तेव्हा पायवाटेच्या जागी गाडीरस्ता होता. मर्यादवेल दिसेना, कारण गाड्या थेट वाळूवर उतरत होत्या. बाटल्या, पिशव्या, थर्माकोलच्या थाळ्या यांचे वर्णन करत नाही, तुम्ही ते सगळीकडे पाहिले आहे. वेलीच्या पुढे पाच-सहा खोल्या उभ्या होत्या आणि मागे बोअर मारलेली होती. मावशी ओसरीवर होती. थकली होती. मी पाणी मागितले. तिने आतून बाटली आणून दिली, विकतची. मी विहिरीकडे पाहिले. ती म्हणाली, “दोतोर, तुमी बरयलें आनी लोक आयले. लोक आयले, उदक गेलें.”

तिने हे रागाने म्हटले असते तर मला सोपे गेले असते. ती नुसते काय घडले ते सांगत होती. मी विहिरीचे पाणी काढून चाखले. मचूळ होते.

त्याच वेळी तिचा मुलगा बाहेर आला. त्याने माझे दोन्ही हात धरले. त्या पाच-सहा खोल्यांतल्या दोन त्याच्याच होत्या. तो म्हणाला, डॉक्टर, तुमच्या लेखाचे कात्रण मी जपून ठेवले आहे, तुमच्यामुळे माझी मुलगी नर्सिंगला गेली. एका उंबऱ्यावर आई आणि मुलगा, दोघेही खरे बोलत होते. आणि त्या दोघांच्या मध्ये मी उभा होतो, नकाशा काढणारा.

परतीच्या वाटेवर मला लहानपणी पाठशाळेत शिकलेली श्रावकाची व्रते आठवली. तीन गुणव्रतांत पहिले दिग्व्रत आहे. मी या दिशेला इतकेच जाईन, याच्या पलीकडे जाणार नाही, अशी मर्यादा माणसाने स्वतःच घालून घ्यायची. तरुणपणी मला हे व्रत कालबाह्य वाटे. जग पाहायचे सोडून घरात कशाला बसायचे! दुसरे आहे अनर्थदंडाचा त्याग. आपला काही अर्थ साधत नसताना केलेली हिंसा टाळायची. उगाच पाने तोडणे, उगाच माती खणणे, उगाच पाणी सांडणे. किनाऱ्यावर जाऊन शिंपल्यांची पिशवी भरून आणणे आणि ती माळ्यावर टाकून देणे यातच मोडते. त्या अनर्थदंडाचा एक प्रकार आहे पापोपदेश. आपण स्वतः काही करायचे नाही, पण दुसऱ्याला असे सांगायचे की त्यातून हिंसा घडावी. टीकाकारांनी उदाहरण दिले आहे ते शिकाऱ्याला ‘अमुक रानात हरणे आहेत’ असे सांगण्याचे. सांगणाऱ्याच्या हातात धनुष्य नसते. त्याने फक्त माहिती दिलेली असते. हे उदाहरण मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ मला पंचेचाळिशी उलटल्यावर एका मचूळ विहिरीपाशी कळला.

मग लिहायचेच नाही का? ही सभा वाङ्मयाची आहे, तेव्हा हा प्रश्न टाळता येणार नाही. कारवारच्या समुद्रावर आपल्याआधी मोठ्या लोकांनी लिहिले आहे. सत्येंद्रनाथ टागोर तिथे न्यायाधीश असताना त्यांचे धाकटे भाऊ रवींद्रनाथ तिथे येऊन राहिले होते आणि ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे त्यांचे नाटक तिथले आहे. काकासाहेब कालेलकरांच्या बालपणाचा काही काळ कारवारात गेला आणि त्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या. त्यांच्या लिहिण्याने किनारा बिघडला नाही. एक तर तेव्हा रेल्वे नव्हती. पण मला दुसरेही कारण दिसते. अशा लिखाणातून वाचकाला समुद्र मिळतो, समुद्राकडे जायचा रस्ता मिळत नाही. माझ्या लेखाचे शेवटचे पान तेवढे वगळले असते तर तो लेख निरुपद्रवी होता. वर्णन आणि पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज हातातल्या फोनने त्या एक करून टाकल्या आहेत. छायाचित्र टाकले की जागा आपोआप चिकटते. मी चार महिन्यांत केलेली चूक आता चार सेकंदांत होते.

पण लपवून ठेवणे हेही उत्तर नाही, हे मला गालजीबागने शिकवले. तळपण आणि गालजीबाग या दोन नद्यांच्या मधला, सुरूच्या झाडांचा हा किनारा. इथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात रात्री वाळूवर येतात, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि निघून जातात. ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. वाळू किती तापली यावर नर जन्मणार की मादी हे ठरते, जास्त उबेत माद्या होतात. पिल्ले अंधारात उजेडाच्या दिशेने धावतात. काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राच्या क्षितिजाचा असतो. मागे हॉटेलचा दिवा असला तर ती उलटी धावतात आणि मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. वनखाते आणि गावकरी घरट्यांना कुंपण घालून राखण करतात. आता विचार करा, गालजीबाग कोणालाच ठाऊक नसते तर ही राखण झाली असती का? ज्याचे नाव कोणी घेत नाही, ते विकून टाकणेही सोपे असते. नाव घेतले पाहिजे, पण नावाबरोबर मर्यादाही सांगितली पाहिजे.

कायद्यालाही ही मर्यादा सुचली होती. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले. त्यातून १९९१ ची किनारपट्टी नियमन अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर बांधकाम नको, असे तिने ठरवले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात हे अंतर ५० मीटरपर्यंत खाली आणले. कोळ्यांना आपली घरे दुरुस्त करता यावीत ही मागणी रास्तच होती. पण ५० मीटरची सवलत घरापेक्षा हॉटेलला लवकर सापडते, हा मावशीच्या किनाऱ्यावरचा माझा अनुभव आहे. तिच्या सासऱ्याला मीटर ठाऊक नव्हते. त्याने वेल बघून रेघ ओढली होती आणि ती तीन पिढ्या टिकली.

आता तुमच्याशी थेट बोलतो. तुमच्यापैकी अनेकजण डिसेंबरात खाली उतरणार आहात. उतरा. तो हिरवा, खडबडीत किनारा पाहिल्याशिवाय राहू नका. फक्त रोगी तपासताना मी जे करतो ते करा. आधी ऐका. गावात शिरल्यावर फोनला न विचारता माणसाला विचारा, की पुढे गेलो तर चालेल का? ‘नको’ म्हणाले तर परत फिरा. गाडी डांबरावर ठेवा आणि सोंड पायी ओलांडा. तेवढ्या चालण्याने निम्मी गर्दी आपोआप गळते. मर्यादवेल दिसली की सामान तिच्या अलीकडे, जमिनीच्या बाजूला ठेवा आणि पुढे अनवाणी जा. शिंपले जिथले तिथे राहू द्या. खेकडा त्यात घर करतो. आगोंद-गालजीबागला कासवांच्या दिवसांत रात्री वाळूवर बॅटरी लावू नका. जमले तर आमच्यासारखे पाच वाजता डबा खाऊन घ्या. मग सूर्यास्ताला तोंड रिकामे असते, हातही रिकामे असतात आणि मागे कचराही उरत नाही. पैसे मात्र तिथल्याच घरात खर्च करा. मावशीच्या मुलाचे म्हणणेही खोटे नव्हते.

आणि परत आल्यावर वर्णन करा, भरभरून करा, पण नकाशा जोडू नका. ज्याला खरोखर जायचे आहे तो विचारत येईल. विचारत आला की त्याला वाट आणि वेल दोन्ही एकदम सांगता येतात.

मावशी २०११ मध्ये गेली. तिची नात आता काणकोणात नोकरी करते. तिनेच मागच्या वर्षी फोन करून सांगितले की किनाऱ्याच्या एका टोकाला गावातल्या पोरांनी दगड लावून गाड्या अडवल्या आहेत आणि त्या दगडांच्या मागे मर्यादवेल पुन्हा पसरू लागली आहे. विहीर अजून मचूळच आहे. पावसाळ्यानंतर थोडे दिवस पाणी बरे लागते, असे ती म्हणाली. मी बघायला गेलो नाही. त्या दिशेपुरते मी स्वतःला एक व्रत घालून घेतले आहे.

भाषण संपल्यावर चहाच्या वेळी तुमच्यापैकी कोणीतरी जवळ येऊन हळूच विचारील, डॉक्टर, तो किनारा नेमका कुठला? राग मानू नका, मी चहाचा कप पुढे करीन.